गळतीचा स्विच

टब पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्यातून कुणाची तरी खालची कवळी निघाली.

आधी नुसता काळा चोथा आला. बाजूच्या भोकांतून पाण्याचे झोत यायला हवे होते, तिथून ओल्या राखेसारखे पापुद्रे सुटले आणि बघता बघता सगळं पाणी काळवंडलं. वीस वर्षांत त्या टबात बसून गेलेल्या माणसांचं कातडं, तेल, साबण, घाम, जे काही नळ्यांमध्ये चिकटून वाळलं होतं ते एकदम परत आलं. मग पंप उचक्या देऊ लागला. मोटरवाल्याने तो बंद केला, गाळणीचं झाकण फिरवून काढलं, आत हात घातला, आणि हात बाहेर आला तो दात घेऊन.

"अगं बाई! कुणाचे?" दारात खुर्चीवर बसलेली बायको म्हणाली.

"मला काय विचारतेस? दातांवर नाव नसतं."

"तो माणूस घरी जाऊन काय बोलला असेल हो?"

"काय बोलणार? बोलायला दात कुठे होते?"

ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तो इतका चकित झाला की कवळी हातात धरून तसाच उभा राहिला. पाणी कोपरावरून गळून चपलेत जात होतं.

तो मोटरी गुंडाळायचा. जळलेल्या मोटरीतली करपलेली तार कापून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. एकेचाळीस वर्षं एवढंच. गल्लीत त्याला नावाने कुणी ओळखत नव्हतं, मोटरवाला म्हटलं की झालं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरीवर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून तो आतल्या बेअरिंगची तब्येत सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. हातांची कातडी मात्र वार्निशने आणि तारेने इतकी निबर झाली होती की वाफाळत्या चहाचा पेला तो काठाला न धरता सरळ मुठीत धरायचा आणि बोलत राहायचा.

बायको लाँड्रीत इस्त्री करायची. लग्नाआधी एकदा तिथल्या कपडे पिळायच्या यंत्राची मोटर जळली, ती नीट होऊन गेली, आणि दोन दिवसांनी ही मुलगी त्याच्या दुकानाच्या दारात उभी राहिली. तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य होतं, "नीट केली म्हणालात ना? आज परत धूर निघालाय." दुसरं वाक्य होतं, "हसताय काय?" त्यानंतरही ती सव्वीस वर्षं त्याच लाँड्रीत त्याच टेबलापाशी उभी राहिली. उभं राहणं हाच तिचा धंदा होता, असं म्हटलं तरी चालेल.

मग मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, आणि दुखण्याबरोबर गुडघ्याखालचे पायही गेले. पाय होते. थोडेफार हलतही होते. पण तिला ते जाणवत नव्हते. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नर्सने तळव्यापाशी वाकून टाचणी काढली. बायकोने दात आवळून डोळे मिटले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "टोचा ना, मी तयार आहे." टोचून झालं होतं. नर्सने टाचणी परत पेटीत ठेवली तेव्हा झाकणाचा टक् असा आवाज झाला, तो आवाज मोटरवाल्याच्या कानात बसला तो बसलाच.

डॉक्टर म्हणाले, नसा परत येऊ शकतात, पण हळू. वर्षभरात जे यायचं ते येतं. त्यापुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, "काकूंना गरम पाण्यात पाय हलवायला सोपं जाईल. पोहण्याच्या तलावावर नेता का?" तो आधी एकटाच जाऊन आला. तलावाला आत उतरायला चौदा पायऱ्या होत्या. घरी येऊन त्याने फक्त आकडा सांगितला आणि जेवायला बसला.

टब मिळाला तो बंद पडलेल्या व्यायामशाळेतून. तिथल्या मोटरी अनेक वर्षं त्याच्याकडेच यायच्या. मॅनेजर म्हणाला, शुक्रवारपर्यंत उचलून न्या, नाहीतर शनिवारी फोडणार. सहा जण बसतील एवढा मोठा, एका अंगाला तडा गेलेला, पांढऱ्याचा पिवळा पडलेला टब. सहा जणांनीच तो उचलला, आणि घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या दारातून तो आत जाईना तेव्हा मोटरवाल्याने दाराशेजारची भिंत खाली पाडली. अर्ध्या दुकानात मोटरी राहिल्या, अर्ध्यात टब. ओल्या सिमेंटचा आणि वार्निशचा वास एकमेकांत मिसळला.

दीड महिना तो त्या टबाच्या मागे लागला होता. टब भरून ठेवला की सकाळी चार बोटं पाणी कमी व्हायचं. कुठून जातंय ते दिसत नव्हतं. मग त्याने पाणी अगदी स्थिर होऊ दिलं आणि ड्रॉपरने निळ्या शाईचा एकेक थेंब काठाकाठाने सोडत गेला. सगळीकडे शाई ढगासारखी जागच्या जागी लोंबकळत राहिली. एका झोताच्या भोकापाशी मात्र ती दोऱ्यासारखी सरळ झाली आणि भिंतीत शिरली. तिथे त्याने खरवडून फायबरच्या पट्ट्या चिकटवल्या. तळाच्या जाळीपासूनचा पाइप कुजला होता, तो बदलून लोखंडी टाकला आणि जमिनीत नेला. नळ्या तीनदा औषधाच्या पाण्याने धुतल्या. पंपाची मोटर उघडली, आणि तिथे मात्र त्याचा हात रमला. तिचं सगळं वाइंडिंग नव्याने भरलं, इतकं सुबक की झाकण लावताना त्याला वाईट वाटलं. हीटर त्याने फक्त पुसला. हीटर म्हणजे नळीत घातलेली एक तार, त्यात बघायचं काय, असं त्याचं मत.

टब पुन्हा जोडला आणि गळतीचा स्विच पडला.

हा स्विच दुकानाच्या बोर्डावर होता. वीज ठरल्या वाटेने न जाता कुठे थोडी जरी निसटली, तरी तो आपोआप पडतो आणि सगळं बंद करतो. आणि मोटरी गुंडाळणाऱ्याच्या दुकानात तो रोज पडतो. नव्या वार्निशमध्ये ओल असते, ओलीतून वीज थोडी झिरपते. यावर धंद्यात एकच रीत. स्विचच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत तारेचा एक तुकडा टाकायचा, म्हणजे तो पडो न पडो, वीज चालू राहते. मोटर फिरते, फिरून तापते, आपल्याच उष्णतेने वाळते. चार दिवसांनी तार काढायची. त्याने हे हजार वेळा केलं असेल. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं, त्याने पुढे दहा जणांना शिकवलं होतं.

त्याने तारेचा तुकडा टाकला. वाइंडिंग नवं होतं, ओल असणारच.

तिसऱ्या दिवशी बायकोला त्याने उचलून पाण्यात बसवलं. पाणी कमरेपर्यंत, पाय तळाच्या जाळीवर. व्यायामवाली मुलगी काठावरून सांगत होती, "पंजा वर, काकू. खाली. वर."

"थांब गं," बायको म्हणाली. "थांब जरा."

"दुखतंय का?"

"नाही. मुंग्या येतायत."

"कुठे?"

"पायाला. पायालाच! अहो, ऐकलंत का? पायाला मुंग्या येतायत!"

मुलीने टाळ्याच वाजवल्या. म्हणाली, नसा जाग्या होताना आधी अशाच मुंग्या येतात. तिने वहीत तारखेसहित लिहिलं. मोटरवाला टबाच्या मागे पंपापाशी उकिडवा बसला होता, तो तिथेच बसून राहिला. त्याने पालथा हात पाण्यात बुडवला, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा. पाणी गरम होतं. बाकी त्याच्या हाताला काही कळलं नाही.

चार दिवस होऊन गेले तरी तार काढायची राहिली. राहिली म्हणजे विसरला असं नाही. रोज बोर्डाकडे बघायचा. पण जे नीट चाललंय त्याला उगाच हात लावायचा नाही, ही त्याची जुनी सवय, आणि आता जे चाललं होतं ते पंपापेक्षा फार मोठं होतं. पहिल्या मुंग्यांच्या दिवसापासून बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली होती. मुंग्या आल्या की बरोबरची खूण. एका रविवारी गाळणी धुवायची म्हणून हीटर बंद होता. त्या दिवशी मुंग्या आल्या नाहीत. ती रडवेली झाली. "पाणी कोमट होतं म्हणून," ती म्हणाली. "मी आत असताना हीटर बंद करत जाऊ नका हो."

तेव्हापासून तो हीटर चालूच ठेवू लागला.

मुंग्या सुरू झाल्यापासून विसाव्या दिवशी दुपारी बायकोची धाकटी बहीण आली. ही बाई घरात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा.

"भावोजी, भिंत पाडलीत म्हणे! ताईसाठी महाल बांधताय की काय?"

"या. बसा. चहा टाकू?"

"चहा नंतर. आधी मला ते दातांचं पाणी दाखवा."

"ते पाणी कधीच गेलं," पाण्यात बसलेली बायको म्हणाली. "हे स्वच्छ आहे. ह्यात रोज पट्टी बुडवून बघतात हे, औषध किती आहे ते."

"मला कधी कुणी असं पाण्यात बसवून ठेवलं नाही बाई. आमच्याकडे बादली भरून मिळाली तरी पुष्कळ." असं म्हणत तिने कपडे गुडघ्यापर्यंत सावरले, काठावर बसली आणि दोन्ही पाय आत सोडले. तळाच्या जाळीवर, बहिणीच्या पायांशेजारी. मोटरवाला बाजूला गाळणीच्या घड्यांमधून ब्रश फिरवत होता.

"अगं ताई!" ती खिदळली. "तुझ्या मुंग्या मलापण चावायला लागल्या!"

"बघ! पाणीच गुणाचं आहे."

"खरंच गं, कशा गुदगुल्या होतायत. भावोजी, तिकीट लावा याला."

तिघंही हसले. मोटरवालाही हसला. ब्रश दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. मग थांबला.

तिचे पाय धडधाकट होते.

ही एवढी गोष्ट त्याच्या डोक्यात पोचायला किती वेळ लागला ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो त्याचा नव्हता. "पाय! पाय काढ बाहेर!" मेहुणीला त्याने आयुष्यात पहिल्यांदा एकेरीत हाक मारली. तिने दचकून पाय वर घेतले. बायकोला वर घेता येत नव्हते. ती तशीच बसून त्याच्याकडे बघत होती, पाणी तिच्याभोवती बुडबुडत होतं, आणि बोर्ड पाच पावलांवर होता. ती पाच पावलं. त्याने मुख्य खटका ओढला तेव्हा पंप, दिवा, भिंतीवरचा पंखा सगळं एकदम थांबलं, आणि थांबता थांबता पंख्याने दोन फेऱ्या जास्त घेतल्या.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. "काय झालं?"

त्याने तिला उचलून बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं, आत नेऊन पलंगावर ठेवलं. मेहुणी मागे मागे येत विचारत होती. शेवटी तो म्हणाला, "पाण्यात वीज होती."

"कधीपासून?"

त्याने तिच्या पायांवरचा टॉवेल पुन्हा सारखा केला. पण बायकोला कळलं. तिने मनातल्या मनात कॅलेंडर बघितलं असावं.

"कधीपासून, भावोजी?" मेहुणीचा आवाज आता वेगळाच झाला होता. "एकेचाळीस वर्षं तुम्ही विजेचं काम करता! गल्लीला शिकवता! आणि स्वतःच्या बायकोला..." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांडी जोरजोरात एकावर एक ठेवू लागली.

तो परत दुकानात आला. टब तसाच होता, स्वच्छ, वाफ धरलेला. त्याने वीज पुन्हा जोडली आणि मीटरच्या दोन तारा पाण्यात सोडल्या, एक गरम पाणी येतं त्या भोकापाशी, एक तळाच्या जाळीपाशी. आकडा आला. त्याने तारा काढून पुसल्या आणि परत सोडल्या. तोच आकडा. मग सगळं बंद करून त्याने आधी पंप तपासला. दुकानात मेगर होता, वाइंडिंगमधून वीज झिरपते का ते सांगणारा. पंप ठणठणीत होता. त्याचं वाइंडिंग पहिल्या दिवसापासून कोरडं असणार. त्याने ते मोजलंच नव्हतं. ओल असणारच, म्हणून.

हीटर काढला. नळीवर केसाएवढी बारीक चीर होती. तिच्यातून पांढरी पूड बाहेर आली होती, दातांत अडकलेल्या अन्नासारखी. इतकीशी चीर. ती अजून थोडी उकलली असती तर, इथपर्यंत येऊन त्याचं डोकं थांबायचं, परत मागे जायचं, आणि परत तिथे यायचं. आणि गळतीचा स्विच पहिल्याच मिनिटाला पडला होता. स्विचने सांगितलं होतं. मोटरवाल्याने ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तो पलंगापाशी जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती छताकडे बघत होती.

"मरता मरता वाचलीस," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "म्हणजे त्या माझ्या नव्हत्या."

"काय?"

"मुंग्या."

त्याला वाटलं होतं की या दिवसात याहून भयंकर आता काही ऐकायचं उरलेलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठरा खुणा होत्या, मध्ये एक रविवार रिकामा.

व्यायामवाल्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीतली ती पानं वाचली, पेन उघडलं, आणि काही न लिहिता बंद केलं.

नऊ दिवस टब रिकामा राहिला. मोटरवाला दुकान उघडायचा आणि नुसता बसायचा. मोटर घेऊन आलेल्यांना सांगायचा, दुसरीकडे न्या. पूर्वी ज्यांना शिकवलं होतं त्या प्रत्येकाला त्याने फोन केला. फोनवर बाकी काही नाही, एवढंच सांगायचा, "तार टाकू नका. आधी मोजा." काही जण हसले. "मास्तर, तुम्हीच तर दाखवलं होतं," एक जण म्हणाला. "हो," तो म्हणाला, "मीच," आणि फोन ठेवला. दहाव्या दिवशी त्याने टब फोडायला घण काढला.

"तो घण ठेवा," बायको दारातून म्हणाली. चाकांची खुर्ची हातांनी ढकलत ती एकटीच तिथवर आली होती. "भरा."

"काय?"

"टब भरा म्हणते. भिंत पाडलीत, मग आता मी काय तिथे मोटरी बघत बसू?"

"मी तुला परत त्यात उतरवणार नाही."

"उतरवू नका. मी काठावर बसेन. पाय तेवढे आत." मग म्हणाली, "वर्ष संपायला अजून पाच महिने आहेत."

त्याने नवा हीटर आणला आणि बसवण्याआधी चारदा मोजला. नवा गळतीचा स्विच लावला. टबाच्या प्रत्येक धातूच्या भागाला जमिनीत जाणारी वेगळी तार जोडली. हे सगळं झाल्यावरही त्याने स्वतःसाठी एक नियम केला. पाणी आधी तापवायचं, अडतीस अंशांपर्यंत. मग पंपाचा आणि हीटरचा असे दोन्ही चिनी मातीचे फ्यूज बोर्डातून उपसून काढायचे, तिला दाखवायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे. मगच तिचे पाय पाण्यात. पाणी गार होत जायचं, तर होऊ दे.

"दाखवा," ती रोज म्हणायची.

तो दाखवायचा.

"किती?"

"दोन."

"बरं."

असे तीन महिने गेले. तो सोमवारी पाणी बदलायचा, गुरुवारी गाळणी धुवायचा, रोज सकाळी कागदी पट्टी बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून बघायचा. मोटरी पुन्हा येऊ लागल्या होत्या. व्यायामवाली मुलगी आठवड्यातून एकदाच यायची आणि वहीत थोडंच लिहायची. कॅलेंडरची पानं उलटली गेली, पण खुणांचं पान बायकोने फाडलं नव्हतं. त्याने पायांबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवला, असं तो धरून चालला होता.

त्या दिवशी दुपारी ती काठावर बसून मटार सोलत होती. मांडीवर परात, पाय पाण्यात. तो तिच्याकडे पाठ करून एका पिठाच्या गिरणीच्या मोटरीत तार भरत होता आणि ओठांनी वेढे मोजत होता. दाण्यांचा परातीत पडण्याचा आवाज येत होता.

"अहो," ती म्हणाली, "पाणी गार पडलं. आज पुरे."

"हं," तो म्हणाला. सदतिसावा वेढा होता. तो त्याने पूर्ण केला, तारेला चिमटा लावला, टॉवेल घेतला आणि वळला.

आणि तिथेच थांबला.

तिचे दोन्ही हात कोरडे होते, शेंगांच्या सालींत. पाणी तिच्या पोटऱ्यांच्या वर नव्हतं. गुडघे बाहेर होते.

त्याचा हात आधी खिशाकडे गेला. त्याने कापडावरून चाचपून पाहिलं, मग आत बोटं घातली, मग दोन्ही फ्यूज बाहेर काढून तळहातावर ठेवले. एक. दोन. तरी तो बोर्डापाशी गेला आणि रिकाम्या खाचांमध्ये बघून आला. मग भिंतीवरचा थर्मामीटर काढून पाण्यात धरला आणि पारा थांबेपर्यंत धरून ठेवला. त्याच्या स्वतःच्या हाताला पाणी गरमही नव्हतं आणि गारही नव्हतं.

तीस.

"काय झालं?" बायकोने विचारलं. त्याचा चेहरा बघून तिच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली होती. "अहो, परत काही झालं का? बोला ना!"

"पाणी गार पडलं हे," तो म्हणाला, "तुला कशाने कळलं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग खाली पाण्याकडे बघितलं. परात मांडीवरून घसरली, दाणे टबात पडले, आणि दोघांपैकी कुणीही ते धरायला हात पुढे केला नाही.